द्राक्षबागेतली शेकोटी

जानेवारीत निफाडचा पारा चार-पाच अंशांवर आला की पहाटे द्राक्षबागांत जागोजागी शेकोट्या पेटतात, ठिबकही सुरू होतं. एवढ्या गारठ्यात वर पाणी कशाला सोडायचं, हा प्रश्न मला लहानपणापासून पडायचा. शाळेत भौतिकशास्त्र म्हणजे सूत्रं एवढंच वाटलं होतं. खरी गोडी लागली ती या प्रश्नामुळे.

आभाळ निरभ्र असलं की जमीन रात्रभर आपली उष्णता अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांच्या रूपात आकाशाकडे सोडत राहते. ढग असले तर ते गोधडीचं काम करतात. वारा पडलेला असला की जमिनीलगतची हवा गार होऊन तिथंच बसून राहते आणि उबदार हवा तिच्या वर असते. एरवी वर जावं तशी हवा गार होते, पहाटे मात्र उलटं. म्हणून तर शेकोटीचा धूर थोडा वर चढून आडवा पसरतो.

या धुराचं बागेवर पांघरूण होतं, असं बरेच जण मानतात. पण धुराचे कण इतके बारीक असतात की अवरक्त किरण त्यांना फारसे जुमानत नाहीत. कामाला येते ती जाळाची ऊब, आणि त्या उबेनं वरखालची हवा ढवळली जाते ती. म्हणून एका मोठ्या जाळापेक्षा लहान लहान शेकोट्या बऱ्या. मोठ्या जाळाची तापलेली हवा वरचा थर भेदून निघून जाते.

आणि पाणी? विहिरीचं पाणी पहाटेच्या हवेपेक्षा कोमट असतं. एक लिटर पाणी एक अंशानं निवताना एक किलोकॅलरी उष्णता देतं. गोठायची वेळ आलीच, तर बर्फ होताना तेच पाणी ८० किलोकॅलरी सोडतं.

तापलेली वस्तू किरण नेमके कसे सोडते, हे कोडं सोडवताना जर्मन शास्त्रज्ञ माक्स प्लांक यांनी १९०० साली ऊर्जा पुंजांच्या, म्हणजे ठरावीक छोट्या गठ्ठ्यांच्या रूपात मांडली. त्या कल्पनेतून पुंजभौतिकी उभी राहिली, पुढे १९४७ साली वीजप्रवाहाला आवर घालणारा चिमुकला ट्रान्झिस्टर आला, आणि आज तो खिशातल्या मोबाइलमध्ये आहे.

इंजिनिअरिंगला नंबर लागला नाही म्हणून बी.एस्सी., हे ऐकलं की मला वाईट वाटतं. बारावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन थेट पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेत जाता येतं, किंवा बी.एस्सी. करून 'जॅम' या प्रवेश परीक्षेतून आयआयटीत एम.एस्सी.ला. हवामानाची ओढ असेल तर पुण्यातच उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्था आहे. कॅन्सरच्या रुग्णाला किरणांचा डोस किती आणि कुठे द्यायचा, याचं गणित मांडणारा माणूसही भौतिकशास्त्रातूनच आलेला असतो. आणि पुण्याला जाताना नारायणगावला वाकडी वाट करून खोडदला जाऊन याच: ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण तिथून आकाशगंगांचा वेध घेते.

तोवर घरी एक करा. निरभ्र रात्री एक थर्मामीटर जमिनीपासून वीतभर उंचीवर टांगा, दुसरा उंच बांबूला. पहाटे पाचला दोन्ही आकडे वहीत लिहा. मग एखाद्या ढगाळ रात्रीही लिहा आणि फरक किती उरतो ते पाहा.