झिरो माइल ते मुंगूस : इंग्रजी शब्दांच्या मुळांची गोष्ट

नागपुरात ऑरेंज लाइनच्या मेट्रोने सीताबर्डीहून कस्तुरचंद पार्ककडे निघालं की मधे झिरो माइलचं स्टेशन लागतं. यातला 'झिरो' म्हणजे आपलंच शून्य, फक्त फार लांबून फिरून आलेलं. अरबांनी 'शून्य'चं भाषांतर केलं 'सिफ्र', म्हणजे रिकामं. इटालियन गणिती फिबोनाचीने १२०२ साली त्याला लॅटिन वेष चढवून 'झेफिरुम' केलं आणि इटलीत त्याचा 'झेरो' झाला. त्याच सिफ्रपासून गुप्तलिपीचा 'सायफर' निघाला, त्यामुळे 'डिसायफर'ही त्याच घरातला. 'माइल' मात्र रोमन सैनिकांचा : 'मिले' म्हणजे हजार, हजार दुहेरी पावलं (डावं-उजवं मिळून एक) म्हणजे एक मैल. तोच हजार 'मिलेनियम'मध्ये आहे.

आणि ऑरेंज? संस्कृत 'नारंग', फारसी 'नारंग', अरबी 'नारंज', स्पॅनिश 'नारांखा', आणि पुढे फ्रेंचमध्ये पोचेपर्यंत सुरुवातीचा 'न' गळालेला. आधीच्या 'एक' या अर्थाच्या शब्दातही 'न' होता, त्यात तो विरघळला असं मानतात. इंग्रजीने असे 'न' स्वतःही गिळले आहेत : 'अ नेप्रन'चं 'ॲन एप्रन' झालं, म्हणून एप्रन आणि नॅपकिन ही भावंडं आहेत हे आता चेहऱ्यावरून कळत नाही. हे फळ येईपर्यंत इंग्रजांकडे त्या रंगालाही वेगळा शब्द नव्हता. 'पिवळा-तांबडा' म्हणून वेळ मारून नेत. संत्रानगरीत हे सांगताना थोडी मजा येते, हे कबूल.

शब्दाचं असं कूळ शोधायची शिस्तशीर रीत तशी अलीकडची. कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयातले न्यायाधीश विल्यम जोन्स यांनी २ फेब्रुवारी १७८६ रोजी एशियाटिक सोसायटीपुढे सांगितलं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाने येण्यासारखं नाही. तिघींची मूळ भाषा एकच असावी, आणि ती कदाचित आता उरलेलीही नसेल. हे शेवटचं वाक्य लोक विसरतात. 'सप्टेंबर म्हणजे सप्त-अंबर' असे व्हॉट्सॲपवर फिरणारे निरोप तिथेच घसरतात. लॅटिन 'सेप्टेम' आणि आपलं 'सप्त' या बहिणी आहेत, मायलेकी नाहीत. रोमन वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं, म्हणून सप्टेंबर सातवा आणि डिसेंबर दहावा.

१८२२ मध्ये याकोब ग्रिम यांनी (परीकथावाल्या दोन भावांतले थोरले) या नात्याचा हिशेबच मांडला. जर्मानिक भाषांत (इंग्रजी, जर्मन वगैरे) जुन्या 'प'चा 'फ' होतो : पितृ-फादर, पाद-फूट, पंच-फाइव्ह. 'द'चा 'ट' होतो : दंत-टूथ, दश-टेन, द्वि-टू. मग 'पेडल' आणि 'डेंटल'मध्ये 'प' आणि 'द' शाबूत कसे? कारण ते इंग्रजीच्या घरचे नाहीत, लॅटिनकडून आलेले आहेत. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं तेव्हापासून फ्रेंच शब्दांचा लोंढा सुरू झाला, पुढे विद्वानांनी थेट लॅटिन-ग्रीकमधून शब्द उचलले. म्हणून दात 'टूथ' आणि दाताचा डॉक्टर 'डेंटिस्ट'. ही जोडी इंग्रज पोराला पाठ करावी लागते. मराठी पोराला 'दंत' आधीच माहीत असतो.

तरीही आपल्याकडे इंग्रजी शब्दांची घोकंपट्टीच का रुजली? स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले आणि त्यांनी शाळा काढली. १८५४ मध्ये भोसल्यांचं राज्य खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांत बनला, आणि कचेरीतली नोकरी इंग्रजीशी बांधली गेली. १८८३ मध्ये हिस्लॉप कॉलेज आलं, १९२३ मध्ये विद्यापीठ. माझ्या मते गोम इथेच आहे : कारकुनाला शब्द वापरता यायला हवा होता, त्याचा आजोबा कोण याच्याशी कचेरीला देणंघेणं नव्हतं. संस्कृतचा तास वेगळा, इंग्रजीचा वेगळा. मधली भिंत कुणी पाडली नाही.

साधनं नव्हती असं नाही. मोल्सवर्थच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ मध्ये वाढीव आवृत्ती निघाली. त्यात शब्द संस्कृत, फारसी की अरबी हे दाखवणाऱ्या खुणा आहेत. त्याच १८५७ मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत ज्या इंग्रजी कोशाची (आजची ऑक्सफर्ड डिक्शनरी) कल्पना निघाली, त्याचा पहिला भाग १८८४ मध्ये आला आणि काम १९२८ मध्ये संपलं. खुद्द हिस्लॉप गोंडांचे शब्द टिपून ठेवत होते. १८६३ मध्ये ते बुडून वारले आणि ते कागद १८६६ मध्ये छापून निघाले. गोंडांच्या मुलखाचं नाव तर पुढे भूशास्त्राने उचललं. आज जगभरच्या पुस्तकांत 'गोंडवाना' हा प्राचीन महाखंड आहे.

मुळं धरून शिकताना दोन ठिकाणी पाय घसरतो. एक, दिसतं तसं नसतं : फारसी 'बद' (आपला बदनाम, बदमाश) आणि इंग्रजी 'बॅड' यांचं काही नातं नाही. दुसरं, मूळ अर्थ म्हणजे आजचा अर्थ नव्हे. 'नाइस' लॅटिनमध्ये 'अडाणी' होता. ते ध्यानात ठेवून आज कुणाला नाइस म्हणू नये.

आणि आपल्याकडून थेट गेलेला एक शब्द. 'मंगूस' हे मराठी 'मुंगूस'. शब्दाच्या शेपटाला इंग्रजांना त्यांचा बदक-हंसांच्या जातीतला 'गूस' ऐकू आला, म्हणून स्पेलिंगही तसंच बसवलं. आता 'गूस'चं अनेकवचन 'गीस' होतं, तेव्हा कुणीतरी 'मंगीस' लिहून मोकळं होतं. बरोबर रूप 'मंगूसेस'. मुंगसाला पंख नसतात, हे आपल्याला इंग्रजी शिकायच्या आधीपासून माहीत आहे.