भाजीत आंबट घालायचं कधी?

माझी आई आमटीत चिंचेचा कोळ घालायची तो डाळ पूर्ण शिजल्यावरच. का, असं विचारलं की म्हणायची, ‘आधी घातला तर डाळ शिजत नाही.’ तिचं म्हणणं अगदी खरं होतं, आणि भाज्यांनाही ते लागू पडतं.

घरी करून बघा. दोन पातेल्यांत सारखं पाणी उकळा, एकात चांगलं आंबट लागेल इतका चिंचेचा कोळ कालवा. एकाच बटाट्याच्या सारख्या फोडी दोन्हींत टाका. दहा-बारा मिनिटांनी साध्या पाण्यातल्या फोडीत सुरी सहज उतरते, कडा विरघळायला लागलेल्या असतात. चिंचेच्या पाण्यातली फोड शिजलेली दिसते, पण सुरी आत अडते.

भाजीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवतं ते पेक्टिन. जॅम घट्ट होतो तोही त्याच्याचमुळे. भाजी मऊ होते ती मुख्यतः या पेक्टिनच्या लांब साखळ्या उष्णतेने तुटून पाण्यात विरघळतात म्हणून. पाणी आंबट असेल तर त्या सहजी तुटत नाहीत. त्यामुळे टोमॅटोच्या रश्श्यात कच्चा बटाटा टाकला की गॅस उगाच जळत राहतो. लाल भोपळ्याच्या फोडींचा गाळ होऊ द्यायचा नसेल, तर मात्र आंबट थोडं आधी घातलेलं बरं.

भेंडीचं गणित वेगळं. तिची तार म्हणजे शर्करेच्या लांबलचक साखळ्या. त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो, म्हणून त्या एकमेकींना दूर ढकलत पाण्यात ताणून पसरतात आणि पाणी बुळबुळीत होतं. आमसुलातलं आम्ल हा भार मारतं, साखळ्या आक्रसतात, तार तुटते. म्हणून भेंडी धुऊन, पुसून कोरडी करून चिरावी, झाकण ठेवू नये आणि फोडी परतत आल्या की तीन-चार आमसुलं टाकावीत. डाव उचलला की मागे ओढले जाणारे धागे थोड्या वेळात दिसेनासे होतात. मला हे बघायला आजही आवडतं.

हिरव्या रंगाला मात्र आंबट मारक. हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो. हरितद्रव्यावरच्या संशोधनासाठी रिचर्ड विलश्टेटर यांना 1915 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. शिजताना आम्लामुळे हा अणू निसटतो आणि फरसबी, मटार शेवाळी दिसू लागतात. भाजीत स्वतःचंही आम्ल असतं. त्यातलं काही वाफेबरोबर उडून जातं, म्हणून हिरवी भाजी उघडी आणि पटकन शिजवावी. चिमूटभर सोड्याने रंग टिकतो हे खरं, पण भाजीचा लगदा होतो आणि ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. मी तरी तो घालत नाही.

राहिलं लिंबू. पालेभाज्यांतलं लोह शरीरात सहज शोषलं जात नाही. क जीवनसत्त्व त्याचं रूप बदलून ते शोषायला मदत करतं, पण हे जीवनसत्त्व उष्णतेने लवकर नासतं. कढईत पिळलेल्या लिंबाची चव उरते, पण त्यातलं क जीवनसत्त्व उकळताना कमी होत जातं. आपल्याकडे ताटात डावीकडे मिठाशेजारी लिंबाची फोड वाढतात. मेथीची भाजी वाढून झाली की ती फोड तिच्यावर तिथेच पिळा.