किनाऱ्यापाशी अडलेलं मोजमाप

डिसेंबर 1944. जपानमधल्या काकेगावाजवळ सर्वेक्षणाची एक तुकडी जमिनीची उंची मोजत होती. दोन बाजूंना मोजपट्ट्या उभ्या धरायच्या, मधे दुर्बीण लावून आकडे टिपायचे, मग तेच अंतर उलट्या दिशेने पुन्हा मोजायचं. जातानाचा आणि येतानाचा हिशेब जुळायला हवा, पण तो जुळेना. फरक काही मिलिमीटरचाच होता, तरी या कामात तेवढाही खपत नाही. 7 डिसेंबरच्या दुपारी तोनांकाईचा मोठा भूकंप झाला. मोजणीत चूक झाली होती, की भूकंपाआधीच जमीन कलू लागली होती? यावर पुढे अनेक दशकं वाद झाला. माझ्या मते वादाच्या निकालापेक्षा त्यामागचा प्रश्न मोलाचा आहे. दोन भूकंपांच्या मधल्या काळात जमीन काय करते?

पृथ्वीच्या कवचाचा एक प्रचंड तुकडा, म्हणजे भूपट्ट, दुसऱ्याखाली शिरतो तिथे दोघांमधला सांधा बहुतेक काळ अडकलेला असतो. खालचा पट्ट पुढे रेटत राहतो आणि वरच्याची कड स्वतःबरोबर ओढतो. ईशान्य जपानखाली पॅसिफिक पट्ट वर्षाला सुमारे 8 सेंटिमीटर वेगाने सरकतो. कड दबत, वाकत जाते आणि सांधा सुटला की उसळून समुद्राकडे परत येते. हे दबणं इतकं सावकाश होतं की भूकंपमापकाला त्याचा पत्ता लागत नाही. त्याला हादरा लागतो.

ही उणीव जीपीएसने भरून काढली. फोनमधलं जीपीएस काही मीटर चुकतं, पण भूगर्भशास्त्रातलं जीपीएस सुमारे 20,000 किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांकडून येणाऱ्या रेडिओलहरीची अवस्था, म्हणजे लहर नेमकी कोणत्या टप्प्यावर आहे, ते मोजतं. ती लहर जेमतेम 19 सेंटिमीटर लांबीची असते. तिचाही अंश मोजता येतो, म्हणून दिवसभराच्या नोंदींतून काही मिलिमीटरची हालचाल सापडते. जपानने 1990च्या दशकात देशभर अशी केंद्रं उभारायला घेतली. 1995च्या कोबे भूकंपानंतर कामाला वेग आला आणि आज तिथे सुमारे 1300 केंद्रं आहेत. केंद्र म्हणजे पाचेक मीटर उंचीचा धातूचा खांब आणि त्याच्या माथ्यावर अँटेना.

या खांबांनी पहिला धक्का दिला तो भूकंप नसतानाच. 1997च्या सुमारास क्युशू आणि शिकोकू यांच्यामधल्या बुंगो सामुद्रधुनीच्या परिसरातली केंद्रं महिनोन्‌महिने नेहमीच्या उलट दिशेने सरकत राहिली. सांधा सुटत होता, पण इतका हळू की कुणाला काही जाणवलं नाही. 1999मध्ये कॅनडाच्या व्हँकूव्हर बेटावरही तेच दिसलं. तिथे हा प्रकार साधारण दर 14 महिन्यांनी होतो, असं नंतर लक्षात आलं.

मग 11 मार्च 2011 उजाडला. ईशान्य जपानमधल्या मियागीच्या किनाऱ्यासमोर साधारण 7.5 तीव्रतेचा भूकंप अपेक्षित होता, प्रत्यक्षात झाला 9.0चा. तिथल्या ओशिका द्वीपकल्पावरचा खांब 5.3 मीटर पूर्व-आग्नेयेला गेला आणि 1.2 मीटर खचला. आधीच्या जीपीएस नोंदींत सांधा अडकल्याच्या खुणा होत्या. पण सगळे खांब जमिनीवर होते आणि गर्ता, म्हणजे खालचा पट्ट जिथे आत शिरतो तो समुद्रतळावरचा खोल चर, तिथून 200 किलोमीटर दूर, समुद्रात. तिथे सांधा अडकलाय की मोकळा आहे, हे किनाऱ्यावरून नीट कळतच नव्हतं. पाण्यातून रेडिओलहर जात नाही, ध्वनी जातो. म्हणून जहाजाची जागा जीपीएसने ठरवायची आणि तळावर ठेवलेल्या उपकरणांशी ध्वनीने बोलून त्यांची जागा काढायची, ही अमेरिकेत समुद्रशास्त्रज्ञ फ्रेड स्पीस यांनी मांडलेली कल्पना जपानच्या तटरक्षक दलाने आधीच वापरात आणली होती. भूकंपानंतर मोजल्यावर तळावरचा एक बिंदू 24 मीटर सरकल्याचं दिसलं. दुसऱ्या एका गटाला गर्तेच्या आणखी जवळ 31 मीटर सापडले.

आपल्याकडे असाच सांधा अंदमान-निकोबारखाली आहे. 26 डिसेंबर 2004च्या भूकंपाआधी भारतीय शास्त्रज्ञांनी तिथे काही खुणांची जीपीएसने मोजणी करून ठेवली होती, म्हणून बेटं काही मीटर नैर्ऋत्येकडे सरकल्याचं दाखवता आलं. पण ती मोजणी अधूनमधून जाऊन केलेली होती. त्यामुळे त्या काही मिनिटांत किती सरकलं आणि पुढच्या आठवड्यांत किती, हे वेगळं काढणं अवघड गेलं. बारमाही केंद्राची किंमत मला इथे कळते.

ओशिकाचा खांब अजून हलतोय. खचलेल्या बंदरांचे धक्के तिथल्या लोकांनी उंच करून घेतले. मग खोलवरचा तप्त थर संथपणे सरकू लागला, सांध्याचा खालचा भागही सुटत राहिला आणि किनारा वर्षानुवर्षं वर येत गेला. काही ठिकाणी धक्का होडीपेक्षा इतका उंच झाला की मासळी उतरवणं कठीण होऊन बसलं आणि नवं काँक्रीट पुन्हा कापावं लागलं.