काळी-तांबडी कोंबडी ठेवली की अंडी तपकिरी मिळतात?

"पांढरी कोंबडी पांढरं अंडं देते, तपकिरी अंडी हवी असतील तर काळ्या-तांबड्याच तलंगा (तरुण कोंबड्या) ठेवा." परसात कोंबड्या पाळणाऱ्यांना हा सल्ला हमखास मिळतो. तो पटतोही, कारण बाजारातली बहुतेक पांढरी अंडी लेगहॉर्न जातीच्या पांढऱ्या कोंबड्यांचीच असतात.

पण त्याच लेगहॉर्नचा तपकिरी पिसांचा प्रकारही पांढरीच अंडी देतो. उलट, प्लायमाउथ रॉक जातीची पांढरीशुभ्र कोंबडी तपकिरी अंडी देते. आणि कडकनाथ? पिसं, कातडी, मांससुद्धा काळं, अंडं मात्र फिकट तपकिरी.

असं का, तर पिसांचा रंग मेलॅनिन या रंगद्रव्याचा. कवचाचा तपकिरी रंग वेगळ्याच द्रव्याचा; अंडं तयार व्हायला साधारण 25 तास लागतात, त्यातल्या शेवटच्या काही तासांत तो वरून चढतो. म्हणून तपकिरी कवच फोडून आतून पाहिलं तर फिकट दिसतं. दोन्ही रंगांचं आनुवंशिक गणितही वेगळं. लेगहॉर्नचा पांढरा रंग तर इतर रंग झाकून टाकतो, त्यामुळे पिसं बघून पैदास ठरवली की फसायला होतं.

कानाची पाळी पाहिली तर थोडा अंदाज येतो: पांढरी असेल तर बहुधा पांढरं अंडं, लाल असेल तर तपकिरी. अपवाद आहेतच. खात्री हवी तर प्रत्येक कोंबडीच्या पायात रंगीत कडी घाला, एकेकीला अंडं घालायला वेगळं बसवा आणि अंड्याचा रंग महिनाभर वहीत टिपा. पुढची पिल्लं कुणाची काढायची ते त्या वहीवरून ठरवा. कोंबडाही तपकिरी अंड्यांच्या वाणाचाच हवा. त्याचा निम्मा वाटा असतो, हे आपण विसरतो.