पार्श्वभूमी : १७ सेंटिमीटरचा शर्मन

मराठवाड्यात ऐन मे महिन्यात कुणी 'टँक आला' म्हणालं, तर अर्धी गल्ली हंडे-घागरी घेऊन बाहेर पडेल. टँकर आला असंच वाटणार. गंमत अशी, की रणगाड्याला टँक हे नाव पडलं तेही पाण्यामुळेच. १९१५ साली इंग्लंडात लिंकन शहरातल्या फॉस्टर कारखान्यात हे लोखंडी धूड गुपचूप तयार होत होतं. हेरांना सुगावा लागू नये म्हणून सांगितलं गेलं, की मेसोपोटेमियासाठी पाण्याच्या टाक्या बनतायत. १५ सप्टेंबर १९१६ ला फ्रान्समध्ये या 'टाक्या' गोळ्या झाडत खंदक ओलांडून आल्या, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. इंग्रजी 'टँक'चं एक मूळ गुजराती-मराठीतल्या 'टाक्या'त आहे, असं कोशकार मानतात. म्हणजे गडावर खडकात कोरलेलं पाण्याचं टाकं आणि रणगाडा हे एकमेकांचे लांबचे भाऊबंद!

हा रणगाडा टेबलावर मावेल एवढा करून रंगवायचा छंद त्यामानाने अलीकडचा. सुरुवात झाली विमानांपासून. १९३२ च्या सुमारास स्कायबर्ड्सची लाकडी विमानं १/७२ मापात निघाली, म्हणजे खऱ्या ६ फुटांना १ इंच. १९३६ मध्ये फ्रॉग कंपनीने प्लास्टिकची किट, म्हणजे सुटे भाग जोडून करायचे संच, आणली. १९३९ ला निकोलस कोव्ह या हंगेरियन गृहस्थाने स्थापलेली एअरफिक्स युद्धानंतर या धंद्यात शिरली, आणि १९६१ पासून तिचे छोटे रणगाडे बाजारात आले. त्यांचं माप १/७६, कारण इंग्रज घरांतल्या खेळण्यातल्या रेल्वेचं मापही तेच होतं.

खरी कथा जपानच्या शिझुओकातली. तामिया ही १९४६ ला निघालेली लाकडाची वखार. पुढे लाकडी प्रतिकृतींवर तिचं बरं चाललं होतं, तोवर प्लास्टिक आलं आणि लाकूड कुणी विचारेना. १९६० मध्ये कंपनीने यामातो युद्धनौकेचं प्लास्टिक किट काढलं, त्यात हात पोळले. मग सगळी भिस्त एका जर्मन पँथर रणगाड्यावर ठेवली. पोरांना तो चालवता यावा म्हणून आत मोटर आणि दोन सेल बसवायचे होते. सेल बसतील एवढं पोट हवं, म्हणून रणगाडा तेवढा केला. तो खपला. पुढचे रणगाडेही त्याच मापात काढावेत असं ठरलं, तेव्हा पँथर मोजून पाहिला. भरला मूळच्या साधारण पस्तिसाव्या हिश्शाचा. आज जगभर १/३५ हे रणगाड्यांचं माप आहे. त्यामागे ना गणित, ना परंपरा. दोन सेलांची जाडी आहे. मोटर कधीच गेली, माप राहिलं. मला हा सगळ्या छंदातला सर्वात आवडता तपशील वाटतो.

रंगकाम मात्र हळूहळू शहाणं झालं. आधी हम्ब्रोल रंगाची चिमुकली डबी उघडायची, एकच हिरवा हात मारायचा, झाला रणगाडा. पण एवढ्याशा वस्तूवर खऱ्यासारखी सावली पडत नाही; ती रंगवावी लागते, ही जाण १९७०च्या दशकात पसरली. अमेरिकेचा शेपर्ड पेन आणि बेल्जियमचा फ्रान्स्वा व्हर्लिंडेन ही त्यातली मोठी नावं. पातळ गडद रंग खाचांत उतरवायचा, तो वॉश. जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिकट रंगाने घासायचा, तो ड्राय ब्रश. एकाने खोली येते, दुसऱ्याने कड उठते. स्पॅनिश कलाकारांनी पुढे त्यात रंगीत भुकटीची धूळ, गंजाचे ओघळ आणि उन्हाने विटलेले पत्रे आणले. भोवती जमीन, भिंत, माणसं मांडली की त्याला डायोरामा म्हणतात. दिवाळीत अंगणात किल्ला करून मावळे मांडलेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

परदेशी पुस्तकांतली कृती आपल्याकडे जशीच्या तशी लागू पडत नाही. पारा ४२ वर गेला की ॲक्रिलिक रंग फवारणीच्या एअरब्रशच्या तोंडाशीच वाळून बसतो. रंग उशिरा वाळवणाऱ्या रिटार्डरचे दोन थेंब घालावे लागतात, नाहीतर रात्री दहानंतर बसावं लागतं. कूलर लावावा, तर त्याच्या दमट हवेत मॅट, म्हणजे बिनचमकीचं वार्निश पांढुरकं पडतं. दोन महिन्यांचं काम पाच मिनिटांत पिठात लोळल्यासारखं दिसलेलं मी स्वतः पाहिलंय, माझ्याच टेबलावर.

किट महाग का, याचं उत्तर सरकारी कागदात आहे. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. आणि जकातीच्या कोष्टकात प्रतिकृतींची किट खेळण्यांतच मोडतात. चाळिशीतल्या माणसाने चष्मा लावून जोडलेला जर्मन टायगर रणगाडाही तिथे खेळणंच.

तरी कपाटात टायगर आणि पँथरच जास्त. डब्यावरची चित्रं तशीच असतात, माणूस भुलतो. पण रणगाडे आपल्याही बांधावरून गेलेत. १३ सप्टेंबर १९४८ ला पहाटे मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या हाताखालचं सैन्य सोलापूरकडून निजामाच्या हद्दीत शिरलं. पहिली झुंज नळदुर्गला झाली. बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आला, हे मोठं काम झालं. नाहीतर भर पावसाळ्यात तीस-तीस टनांची धुडं पलीकडे न्यायची कशी? नऊच्या सुमारास चिलखती ताफा जळकोटात होता, दुपारी सव्वातीनला उमरग्यात. दुसरी तुकडी तुळजापूरवर गेली. तिकडे जालन्याच्या बाजूलाही रणगाडे होते. १७ तारखेला सगळं संपलं. तोच आपला मुक्तिसंग्राम दिन. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ती 'ॲक्शन'. रझाकारीच्या आधीचं आणि नंतरचं, अशी त्यांची कालगणनाच होती.

त्या काळी भारतीय चिलखती दलाचा कणा होता अमेरिकी शर्मन, जोडीला हलका स्टुअर्ट. दोन्हींची किट सहज मिळतात. खरा शर्मन लांबीला ५.८४ मीटर, १/३५ मापात तो १७ सेंटिमीटरच्या आत-बाहेर भरतो, १/७२ मध्ये ८. निजामाच्या बाजूचाही एक धागा इथे जुळतो. अर्देशीर तारापोर तेव्हा हैदराबाद लान्सर्समध्ये अधिकारी होते. पुढे भारतीय सैन्यात त्यांनी पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचं नेतृत्व केलं, १६ सप्टेंबर १९६५ ला सियालकोट आघाडीवर सेंच्युरियन रणगाड्यात लढताना त्यांना वीरमरण आलं आणि मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. हा सेंच्युरियनही तामियाच्या डब्यात मिळतो.

खरी गाडी पाहून रंगवायची असेल, तर संभाजीनगरहून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय आहे, १९९४ पासून. फोटो बघून पत्र्याची जाडी, जोडाचे ओरखडे, तोफेच्या ओतीव बुरुजाचा खरखरीतपणा कळत नाही. तो कळला की प्लास्टिकच्या गुळगुळीत बुरुजावर पातळ पुटी ब्रशने ठोकून खरखर आणायचं सुचतं.

शर्मनला नळदुर्गचा करायचा, तर ऑलिव्ह ड्रॅब या लष्करी हिरव्या रंगावर वाळवंटी धूळ चालणार नाही. सप्टेंबर आहे, रस्ता भिजलेला आहे, बाजूला काळी कापसाची जमीन. बाजारात मिळणारा युरोपी चिखल तपकिरी असतो, तो ठेवून द्यावा. शेतातलं एक ढेकूळ फोडून, वाळवून, वस्त्रगाळ करावं आणि मॅट वार्निशात कालवून चाकांवरच्या पट्ट्यांत भरावं. कालवताना ते कोळशासारखं काळं दिसतं, वाळल्यावर राखाडीकडे झुकतं. म्हणून पट्ट्यांच्या खालच्या अंगाला शेवटी थोडं चमकदार ग्लॉस वार्निश लावायचं. तेवढंच ओलं दिसलं पाहिजे.