ट्रॅक केलेली फाइल काढणे

आवृत्ती-नियंत्रण प्रणालीच्या, म्हणजे फाइलींतले बदल वेळोवेळी नोंदवून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, नोंदीत आलेली फाइल पुढच्या आवृत्तीपासून कमी करण्याची क्रिया. अशी फाइल संगणकावरून नुसती डिलीट करून भागत नाही. ती कमी केल्याचीही नोंद करावी लागते, आणि नोंद केल्यावरही तिच्या जुन्या आवृत्त्या इतिहासात शाबूत राहतात. येथे मुख्यतः गिट या प्रणालीचा विचार केला आहे. लिनस टॉरवल्ड्स यांनी ती एप्रिल २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्याच्या, कामासाठी लिहिली. आज्ञा रोमन लिपीत टंकायच्या असतात. खाली त्यांचे उच्चार दिले आहेत.

सांगली-साताऱ्याकडच्या शेतकरी घरातल्या मुलाला ही कल्पना सातबाऱ्यावरून लगेच उमगते. जमीन विकली किंवा वाटणी झाली, की जुन्या खातेदाराचे नाव खरवडून काढत नाहीत. त्याला कंस करतात आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक पडतो. तो फेरफार कशामुळे झाला हे गाव नमुना सहाच्या नोंदवहीत सापडते. गिटमधला कमिट म्हणजे असाच फेरफार. फाइल काढणारा कमिट एवढेच सांगतो, की इथून पुढे ही फाइल नाही. ती कधी नव्हतीच, असे तो म्हणत नाही. नवशिक्यांच्या बहुतेक चुका या दोन विधानांच्या गल्लतीतून होतात.

गिटच्या दृष्टीने फाइल तीन ठिकाणी असते. पहिली, डिस्कवर दिसणारी प्रत. दुसरे ठिकाण इंडेक्स, म्हणजे पुढच्या कमिटमध्ये काय जाणार याची कच्ची यादी. तिसरे ठिकाण आजवरच्या कमिटचा साठा. फाइल ट्रॅक होते याचा अर्थ तिचे नाव इंडेक्समध्ये आहे, एवढाच. ‘गिट आरएम’ ही आज्ञा फाइल पहिल्या दोन ठिकाणांहून काढते. पुढे कमिट केला की काढल्याची नोंद पक्की होते. तिसऱ्या ठिकाणाला ती हात लावत नाही.

फाइल आधीच फाइल मॅनेजरमधून उडवली असेल तरी बिघडत नाही. ‘गिट स्टेटस’ ती डिलीट झाल्याचे दाखवते, आणि त्याच नावाने ‘गिट आरएम’ चालवले किंवा ‘गिट अ‍ॅड -यू’ दिले, की इंडेक्सही सुधारतो. २०१४ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीपासून ‘गिट अ‍ॅड .’ सुद्धा काढलेल्या फाइलींची दखल घेते. पूर्ण फोल्डर काढायला ‘-आर’ लागतो. काय काय जाणार हे आधी पाहायचे असेल तर ‘-एन’. फोल्डर काढताना ही सवय जरूर लावून घ्यावी. फोल्डरमधली शेवटची फाइल गेली, की फोल्डरही नाहीसा होतो, कारण गिट रिकाम्या फोल्डरची नोंदच ठेवत नाही.

फाइलमध्ये कमिट न केलेले बदल असतील तर ‘गिट आरएम’ नकार देते. हा नकार वाचावा. ‘-एफ’ लावून जबरदस्तीने काढता येते, पण कधीच अ‍ॅड किंवा कमिट न केलेला बदल गिटकडे कुठेही नसतो. तो गेला तो गेलाच.

सर्वांत उपयोगी आणि सर्वांत फसवा पर्याय म्हणजे ‘गिट आरएम --कॅश्ड’. तो फाइल इंडेक्समधून काढतो, डिस्कवरची प्रत राहू देतो. एक उदाहरण घेऊ. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानासाठी तीन मित्र सॉफ्टवेअर लिहीत आहेत: हमाली, तोलाई वजा करून शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, छापणारे. एक जण सांगलीत, एक मिरजेत, एक कराडात. सेटिंगची फाइल, जिच्यात दुकानाच्या प्रिंटरचे नाव आणि डेटाबेसचा पासवर्ड आहे, ती पहिल्याच दिवशी चुकून कमिट झाली. सांगलीकराने ती ‘--कॅश्ड’ लावून काढली, कमिट केला, पुश केले, म्हणजे तिघांच्या सामाईक साठ्यात पाठवले. त्याच्याकडे फाइल जागेवर आहे, प्रोग्रॅम चालतो आहे. त्याच्या मते काम झाले. कराडच्या मित्राने पुल घेतले, म्हणजे त्या साठ्यातले नवे बदल उतरवून घेतले, आणि त्याच्या डिस्कवरून फाइल गेली. दुकानातल्या संगणकावर पुल घेतले, तिथूनही गेली. ऐन सौद्यांच्या वेळी पट्टी छापेना.

असे का होते? ‘--कॅश्ड’ हा शब्द कमिटमध्ये उतरत नाही. कमिटमध्ये उतरते ते ‘फाइल काढली’ एवढेच, आणि पुल घेणाऱ्याचे गिट त्या नोंदीची अंमलबजावणी इमानाने करते. म्हणून पुल घेण्याआधी प्रत्येकाने त्या फाइलची प्रत बाजूला काढून ठेवावी आणि पुल झाल्यावर परत ठेवावी. हे सगळ्यांना आधी फोन करून सांगणे हा या कामाचाच भाग आहे. खऱ्या किमती न भरलेली नमुना-फाइल वेगळ्या नावाने कमिट करून ठेवली, तर नव्याने येणाऱ्याचीही सोय होते.

यानंतर फाइलचे नाव ‘डॉट गिटइग्नोअर’मध्ये, म्हणजे गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीत, घालायचे असते, नाहीतर पुढच्या ‘गिट अ‍ॅड .’ मध्ये ती परत आत येते. उलट क्रमाने, म्हणजे आधी नुसते तिथे नाव लिहून, काही साधत नाही. ती यादी फक्त ट्रॅक न झालेल्या फाइलींना लागू असते. ‘गिटइग्नोअरमध्ये घातली तरी बदल दाखवतेच’ ही तक्रार इथूनच येते.

आता त्या पासवर्डचे काय? तो जुन्या कमिटमध्ये आहे तसाच आहे. ज्याच्याकडे रेपो, म्हणजे इतिहासासकट सगळा साठा, आहे त्याला तो दोन मिनिटांत वाचता येतो. म्हणून पहिले काम पासवर्ड बदलणे. बाकी सगळे त्यानंतर. शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक असलेली यादी कमिट झाली असेल तर प्रकरण याहून गंभीर, कारण ते क्रमांक पासवर्डसारखे बदलता येत नाहीत. तिथे इतिहासच पुन्हा लिहावा लागतो. त्यासाठी ‘गिट फिल्टर-रेपो’ हे साधन वापरतात. ‘फिल्टर-ब्रँच’ या जुन्या आज्ञेऐवजी हेच वापरावे, असे गिटची अधिकृत माहितीपत्रिकाही सांगते. प्रत्येक कमिटची ओळख म्हणजे त्याच्या मजकुरावरून आणि आधीच्या कमिटवरून काढलेली ४० अंकाक्षरांची खूण असते. त्यामुळे मधला एक कमिट बदलला, की पुढच्या सगळ्यांची ओळख बदलते. सर्वांनी जुन्या प्रती टाकून रेपो नव्याने क्लोन करावा, म्हणजे पूर्ण उतरवून घ्यावा, लागतो. एकाने जुन्या प्रतीतून पुश केले तर काढलेले सगळे परत येते. आणि बाहेर कोणी आधीच प्रत घेतली असेल, तर ती परत आणण्याचा मार्ग नाही.

मोठ्या फाइलीचा घोळही याच जातीचा. गिटहब हे रेपो ठेवण्याचे संकेतस्थळ १०० एमबीपेक्षा मोठी फाइल स्वीकारत नाही. डेटाबेसचा बॅकअप चुकून कमिट झाला, पुश अडकले, म्हणून पुढच्या कमिटमध्ये तो काढला, तरी पुश अडकतेच. आधीचा कमिट त्या फाइलीसकटच पाठवला जात असतो. चूक शेवटच्याच कमिटमधली असेल, तर ‘गिट आरएम --कॅश्ड’ करून ‘गिट कमिट --अमेंड’ने तोच कमिट दुरुस्त केला की सुटका होते.

इतर प्रणालींत तपशील थोडे वेगळे आहेत. सीव्हीएसमध्ये काढलेल्या फाइलीची इतिहास-फाइल ‘अ‍ॅटिक’ नावाच्या फोल्डरमध्ये, म्हणजे शब्दशः माळ्यावर, जाऊन पडे. सबव्हर्जनमध्ये ‘एसव्हीएन डिलीट’ आहे, आणि डिस्कवरची प्रत ठेवायची तर ‘--कीप-लोकल’. मर्क्युरियलने दोन क्रियांना दोन वेगळी नावे दिली: डिस्कवरूनही काढते ती ‘रिमूव्ह’, नुसती नोंद सोडते ती ‘फरगेट’. गिटनेही असेच केले असते तर पुष्कळांचा त्रास वाचला असता.

काढलेली फाइल परत हवी असल्यास ‘गिट लॉग --डिफ-फिल्टर=डी’ने ती कोणत्या कमिटमध्ये गेली हे शोधतात, आणि त्याच्या आधीच्या कमिटमधून ‘गिट चेकआउट’ने किंवा, २०१९ च्या २.२३ आवृत्तीपासून, ‘गिट रिस्टोअर’ने परत आणतात.

मराठी नावांच्या फाइलींबाबत एक वेगळीच अडचण येते. ‘हळद’ नावाची फाइल काढताना ‘गिट स्टेटस’ तिचे नाव ‘\३४०\२४४\२७१\३४०\२४४\२६३\३४०\२४४\२४६’ असे दाखवते. फाइल बिघडलेली नसते. ह, ळ आणि द या प्रत्येक अक्षराचे तीन-तीन बाइट अष्टमान अंकांत छापलेले असतात, इतकेच. ‘कोअर डॉट कोटपाथ’ ही सेटिंग ‘फॉल्स’ केली, की नाव सरळ देवनागरीत दिसू लागते आणि आपण नेमकी कोणती फाइल काढतो आहोत हे वाचता येते.