गावाची बंदूकबंदी आणि राज्याचा कायदा: अमेरिकेतल्या भांडणाची पार्श्वभूमी

अमेरिकेत बंदुकीवरून वाद म्हटला की आपल्याला फक्त सेकंड अमेंडमेंट, म्हणजे हत्यार बाळगण्याचा घटनेतला हक्क, आठवतं, पण त्याच्याइतकंच जुनं आणि जास्त किचकट भांडण दुसरंच आहे, ते म्हणजे बंदुकीचा नियम करायचा कोणी, राज्याने की गावाने. बातम्यांमध्ये हे फारसं येत नाही आणि आपल्याकडे तर हा प्रश्नच येत नाही, कारण शस्त्रं हा विषय घटनेने थेट केंद्राच्या यादीत टाकलाय, १९५९ चा आर्म्स अ‍ॅक्ट देशभर एकच, नगरपालिकेला त्यात काही बोलायची सोयच नाही. तिकडे मात्र वीस-पंचवीस हजार वस्तीच्या गावाने पिस्तुलावर बंदी घातली आणि त्यावरून पुढची चाळीस वर्षं देश ढवळून निघाला.

१८८१ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या टूम्बस्टोन या खाणगावात परवान्याशिवाय हत्यार बाळगून फिरायला मनाई होती, बाहेरून आलेल्याने आल्या आल्या बंदूक जमा करायची असा गावचा नियम. ओके कोराल इथली जी प्रसिद्ध चकमक झाली ती हाच नियम लागू करायला मार्शल व्हर्जिल अर्प निघाला तेव्हाची. म्हणजे ज्या ‘वाइल्ड वेस्ट’चं नाव घेऊन आज मोकळ्या बंदुकीची बाजू मांडतात, तिथल्या गावांनी स्वतःच हत्यारं काढून घेतली होती. आज त्याच अ‍ॅरिझोनात २०१० पासून लपवून हत्यार बाळगायलाही परवाना लागत नाही आणि गावाला तो नियम परत आणायची मुभा नाही.

ही मुभा का नाही, तर मुळात अमेरिकेच्या राज्यघटनेत शहर, गाव, नगरपालिका यांचा उल्लेखच नाही. आयोवाचे न्यायमूर्ती जॉन डिलन यांनी १८६८ मध्ये स्पष्टच लिहिलं की नगरपालिका ही राज्याची निर्मिती आहे, राज्याने जेवढी पॉवर दिली तेवढीच तिची, शंका असेल तर पॉवर नाही असंच धरायचं, आणि १९०७ मध्ये सुप्रीम कोर्टानेही पिट्सबर्गच्या एका खटल्यात म्हटलं की राज्य हवं तर शहराची हद्द बदलेल, नाहीतर शहरच बरखास्त करेल. या कडकपणाला उतारा म्हणून १८७५ मध्ये मिसुरीपासून ‘होम रूल’ सुरू झालं, म्हणजे आपल्या कारभाराचे नियम शहराने आपणच करायचे. पण ते सगळ्यांना नाही. टेक्सासमध्ये पाच हजारांपेक्षा जास्त वस्ती लागते, त्याच्या आतली गावं ‘जनरल लॉ’ गावं, त्यांना राज्याने जे सांगितलंय तेवढंच करता येतं. इलिनॉयच्या १९७० च्या घटनेत पंचवीस हजारांच्या वरच्या गावांना होम रूल आपोआप, बाकीच्यांनी मतदान घेऊन मिळवायचं. मला तरी इलिनॉयची पद्धत जास्त समंजस वाटते, लहान गावाला निदान दार तरी उघडं ठेवलंय.

आणि होम रूलच्या दारातूनच शिकागोजवळचं मॉर्टन ग्रोव्ह आत आलं. गावात बंदुकीचं दुकान टाकायचा अर्ज आला, लोक खवळले, आणि जून १९८१ मध्ये व्हिलेज बोर्डाने दुकानच काय, घरात पिस्तूल ठेवण्यावरच बंदी घातली. देशातली अशी ही पहिलीच. पुढच्या मार्चमध्ये जॉर्जियातल्या केनेसॉने नेमकं उलटं केलं, प्रत्येक कुटुंबप्रमुखाने घरात बंदूक आणि काडतुसं ठेवलीच पाहिजेत असा कायदा केला, त्यात इतक्या सवलती ठेवल्या की तो अमलात आणायचा हेतूच नव्हता, तो मॉर्टन ग्रोव्हला दिलेला जवाब होता. मॉर्टन ग्रोव्हविरुद्ध खटले झाले पण १९८२ मध्ये फेडरल अपील कोर्टाने गावाची बाजू घेतली, १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टाने हात लावायला नकार दिला, आणि १९८४ मध्ये इलिनॉयच्या सुप्रीम कोर्टाने होम रूलमध्ये हे बसतं असं सांगितलं. मग एव्हन्स्टन, ओक पार्क, विल्मेट अशी शिकागोच्या आसपासची गावं त्या वाटेने गेली.

बंदूकधारकांच्या संघटनेने, म्हणजे एनआरएने, यातून धडा घेतला. गावोगावी लढत बसण्यापेक्षा राज्याच्या राजधानीत एकदाच कायदा करून घ्यायचा की बंदुकीचे नियम फक्त राज्य करेल. यालाच प्रीएम्प्शन म्हणतात. तशी पद्धत आधीपासून होती, सॅन फ्रान्सिस्कोने बंदुकांची नोंदणी सक्तीची केली आणि कोर्टाने ती मान्य केल्यावर कॅलिफोर्नियाने १९६९ मध्ये लगेच नोंदणीचा विषय आपल्याकडे घेतला होता, पण लाट आली ती मॉर्टन ग्रोव्हनंतर. फ्लोरिडा १९८७, मग एकामागून एक, आणि आज चाळीसपेक्षा जास्त राज्यांत असा काही ना काही कायदा आहे. त्यामागचा मुद्दा अगदीच पोकळ नाही हेही मान्य करायला हवं. गाडीत कायदेशीर बंदूक घेऊन निघालेला माणूस दर पाच मैलांवर नवीन गावच्या हद्दीत शिरतो आणि नकळत गुन्हेगार होतो, हे कोणालाच नको.

इलिनॉयमध्ये मात्र गावांची पॉवर बराच काळ टिकली. २००३ च्या शेवटी विल्मेटमध्ये एका माणसाने घरात घुसलेल्या चोरावर पिस्तूल झाडलं आणि गावाने पिस्तूल ठेवलं म्हणून त्याच्यावरच कारवाई केली, त्यावर राज्यभर संताप झाला आणि २००४ मध्ये गव्हर्नरचा व्हेटो मोडून कायदा झाला की स्वसंरक्षणात वापरलं तर गावची बंदी आड येणार नाही. राज्य सिनेटर बराक ओबामा यांनी त्याच्या विरोधात मत दिलं होतं. मग २००८ चा हेलर निकाल आला, ज्यात सुप्रीम कोर्टाने घरात पिस्तूल ठेवणं हा नागरिकाचा हक्क ठरवला, आणि मॉर्टन ग्रोव्हने महिन्याभरात आपली बंदी मागे घेतली, शिकागो आणि ओक पार्क लढत राहिले आणि २०१० मध्ये सुप्रीम कोर्टात ५ विरुद्ध ४ ने हरले.

२०१३ चा किस्सा तर खरंच नीट बघण्यासारखा आहे. राज्याने हत्यार बाळगायच्या परवान्याचा कायदा केला तेव्हा पिस्तुलाचा विषय गावांकडून पूर्ण काढून घेतला, आणि असॉल्ट वेपन्सबद्दल, म्हणजे लष्करी धर्तीच्या अर्धस्वयंचलित रायफलींसारख्या हत्यारांबद्दल, म्हटलं की ज्या होम रूल गावांना नियम करायचाय त्यांनी कायदा लागू झाल्यापासून दहा दिवसांत करा, नंतर कायमचं दार बंद. दहा दिवस! सार्वजनिक सुनावणी, वकिलाचा सल्ला, लोकांची मतं, सगळं दहा दिवसांत. शिकागोजवळच्याच हायलंड पार्कने आधीच बंदी केली. शेजारच्या डिअरफील्डने हुशारी केली, फक्त साठवण आणि वाहतुकीचा नियम करून पाय दारात अडकवून ठेवला आणि २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेतल्या गोळीबारानंतर त्याचीच दुरुस्ती करून पूर्ण बंदी आणली. ही दुरुस्ती की नवीन कायदा यावर खटला गेला, २०२१ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टात ३-३ अशी बरोबरी झाली, म्हणून खालच्या कोर्टाचा गावाच्या बाजूचा निकाल कायम राहिला. ४ जुलै २०२२ ला हायलंड पार्कच्या परेडवर गोळीबार झाला, सात माणसं गेली, ज्या प्रकारच्या रायफलवर गावात बंदी होती तीच. गावाच्या वेशीवर बंदुका तपासणारं कोणी नसतं, एकट्या गावाची बंदी किती पुरणार याचं उत्तर त्या दिवशी फार वाईट पद्धतीने मिळालं. ऑगस्टमध्ये नेपरव्हिलने, जिथे आपली बरीच मराठी कुटुंबं राहतात, अशा रायफलींची विक्री बंद केली आणि जानेवारी २०२३ मध्ये राज्यानेच बंदी आणली.

फ्लोरिडाने तर २०११ मध्ये कहर केला. बंदुकीचा स्थानिक नियम करणाऱ्या नगरसेवकाला स्वतःच्या खिशातून पाच हजार डॉलरपर्यंत दंड, गव्हर्नर त्याला पदावरून काढू शकतो, आणि बचावाला सरकारी पैसा नाही. तीसपेक्षा जास्त शहरं याविरुद्ध कोर्टात गेली आणि जानेवारी २०२३ मध्ये हरली. बंदुकीबद्दल तुमचं मत काहीही असो, लोकांनी निवडून दिलेल्या माणसाला ठरावावर मत दिलं म्हणून वैयक्तिक शिक्षा करणं मला अजिबात पटत नाही, नियम चुकीचा असेल तर कोर्ट रद्द करतंच की.

उलट्या दिशेने गेलेलं ठळक उदाहरण कोलोरॅडोचं. बोल्डरची असॉल्ट वेपन बंदी कोर्टाने १२ मार्च २०२१ ला राज्याच्या २००३ च्या प्रीएम्प्शन कायद्यावरून थांबवली, दहा दिवसांनी तिथल्याच सुपरमार्केटमध्ये दहा जण मारले गेले, आणि जूनपर्यंत राज्याने नियम बदलला, आता तिथे गाव राज्यापेक्षा कडक नियम करू शकतं, सैल नाही. बाकी बहुतेक राज्यांत लहान गावाच्या हातात उरतं ते एवढंच, हद्दीत गोळी झाडायला मनाई आणि झोनिंग, म्हणजे दुकान कुठल्या रस्त्यावर चालेल ते ठरवणं, आणि तेही दुकान मुद्दाम अडवायला झोनिंग वापरलं असं कोर्टाला वाटलं नाही तरच.